मान्सी हॅलक्रोचे निरोप

मी फुग्याची दुर्बीण बोलतेय. कागदोपत्री माझं नाव थिओडोलाइट, पण दक्षिण ध्रुवाकडच्या त्या तळावर मला कुणी त्या नावानं ओळखलं नाही. ‘म्हातारी कुठाय?’, ‘म्हातारीचे पाय नीट रोवलेस का?’ असंच चालायचं. खरं तर तेव्हा मी चांगली तरणीताठी होते. माझी मान घडवतानाच काटकोनात वाकवलेली आहे, तिच्यावरून ते नाव पडलं. मी वर आभाळात बघते आणि माणूस माझ्या बाजूला डोळा लावून सरळ उभा राहतो.

लंडनच्या एका कारखान्यात माझ्या काचा घासल्या. घासणारा माणूस दिवसभर शिंकायचा आणि प्रत्येक शिंकेनंतर माझी माफी मागायचा. त्याच्याइतक्या अदबीनं माझ्याशी पुन्हा कुणी वागलं नाही. तिथून मी पेटीत बसून जहाजानं बर्फावर गेले.

वाऱ्याचा माग काढणं हे माझं काम. हवामानवाला पत्र्याच्या शेडमध्ये फुगा भरायचा, विडी-काडी लांब ठेवून, कारण तो वायू एका ठिणगीनं सगळ्यांना वर पोचवणारा. मग फुगा सुटायचा आणि मी त्याच्या मागे. हिवाळ्यात तिथं दुपारीही काळोख असतो, तेव्हा फुग्याखाली मेणबत्तीचा कागदी कंदील टांगत. तो ठिपका माझ्या काचेतून सुटू द्यायचा नाही. एकानं डोळा लावून दिशा आणि उंचीचे आकडे सांगायचे, दुसऱ्यानं घड्याळ बघत ‘वेळ’ म्हणायचं आणि पेन्सिलीनं लिहून घ्यायचं. शाई गोठते तिथं. डोळा लावणाऱ्यानं श्वास रोखून धरायचा, नाहीतर माझ्या काचेवर बर्फाचा पापुद्रा धरतो.

बाकीचं त्यांचं आयुष्य म्हणजे फावडं. सकाळी उठून बर्फ फोडायचा, तो टाकीत वितळवायचा, त्याच्यावर चहा, रांधणं आणि कधीमधी आंघोळ. शिकले-सवरलेले लोक एका बादलीवरून भांडायचे.

ही गोष्ट साठ-बासष्टच्या सुमाराची. त्या वर्षी हवामानाचा शास्त्रज्ञ होता गिडियन हॅलक्रो, शेटलंड बेटांवरचा. राखाडी डोळ्याचा, कमी बोलणारा. आकडा पक्का दिसला नाही तर ‘नाही दिसला’ म्हणायचा, अंदाजानं कधी ठोकून दिला नाही. लिहून घ्यायला असायचा एमरिस, बिनतारीवाला, वेल्सचा. तो झोपेतही बोलत असे म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं.

मला आत उबेत नेत नसत, माझ्या काचा घामाघूम होतात. दोन दारांमधल्या थंड बोळात माझी जागा होती, आणि त्या तळावर एकांत म्हणून जो मिळायचा तो तेवढ्या बोळातच. त्यामुळे ज्याला काही खासगी बोलायचं असेल तो माझ्यापाशी यायचा. मी कान देऊन ऐकायचे, खोटं कशाला बोलू?

जहाज परत जायच्या आदल्या दिवशी तळाचा प्रमुख हार्टली एकेकाला त्या बोळात बोलावून एकच प्रश्न विचारायचा. तिथला रिवाजच तो.

“गिडियन, घरचं काही वाईट कळलं, तर तुला सांगायचं की नाही?”

“नको सांगू.”

“नीट विचार कर. मग मी शब्द बदलणार नाही.”

“विचार कसला करायचाय? वर्षभर जहाज नाही. कळलं तरी मी इथं फावडंच मारणार. घरी एकटा बा आहे, आणि त्याला मरायला सवड नाही.”

दोघंही हसले. हार्टलीनं पुढच्या माणसाला हाक मारली.

महिन्यातून एकदा प्रत्येकाला घरचा निरोप यायचा, बिनतारीवरून, ठरावीक शब्दांत. एमरिस तो कानानं टिपायचा आणि गिडियनचा निरोप फुग्याच्या वेळी माझ्यापाशीच तोंडी सांगायचा. त्याचा बा, म्हातारा मान्सी हॅलक्रो, तिकडून कळवायचा: मेंढ्या बऱ्या, वारा वायव्येचा, होडीला डांबर लावलं. संपलं.

“अरे, इतके शब्द फुकट मिळतात आणि तुझा म्हातारा निम्मेसुद्धा वापरत नाही,” एमरिस म्हणायचा. “माझ्या बाला द्यायला हवे होते. तो प्रार्थनाघरात गाणारा माणूस, त्याचे नुसते आशीर्वाद देण्यातच सगळे संपले असते.”

“त्यात वारा आला ना? मग झालं.”

“वाऱ्याचं काय एवढं?”

“मी वारा मोजतो हे त्याला माहीत आहे. म्हणून सांगतो.”

एकदा फुगा भरेपर्यंत थांबावं लागलं तेव्हा गिडियननं आणखी थोडं सांगितलं. हॅलक्रोंची होडी बापानं त्याच्यासाठी राखली होती. तो मासेमारी सोडून कॉलेजात गेला, तेव्हा म्हाताऱ्यानं होडी ओढून वाळूवर उलटी घातली आणि तो अख्खा हिवाळा पोराशी बोलला नाही. पुढं बोलायला लागला, पण त्या विषयावर दोघांनीही कधी तोंड उघडलं नाही.

सूर्य मावळला तो परत उगवायचा बंद झाला आणि थोड्याच दिवसांनी एमरिस हार्टलीला घेऊन बोळात आला. कानावरचं यंत्र गळ्यात तसंच होतं.

“गावच्या पाद्र्यानं कळवलंय. म्हातारा गेला. गोठ्यात पडला तो उठलाच नाही.”

हार्टलीनं आतलं दार लावून घेतलं. मग म्हणाला, “त्यानं नको सांगू म्हटलंय.”

“मला माहीत आहे.”

“मग नाही सांगायचं.”

सगळ्या तळाला कळलं, एकट्या गिडियनशिवाय. आणि ती मंडळी त्याच्याशी इतकी गोड वागू लागली की मला लाज वाटावी. आचारी त्याच्या ताटात अननसाच्या दोन फोडी जास्त टाकी. त्याच्या वाटणीचा बर्फ दुसराच कुणीतरी फोडून ठेवी.

“काय रे, मी मरायला टेकलोय का?” त्यानं बोळात बूट चढवताना विचारलं. “डॉक्टर काही बोललाय?”

कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं.

महिना सरत आला तशी एमरिसला झोप येईना. इतरांना निरोप येणार आणि त्याला नाही, मग तो विचारणार. हार्टली म्हणाला, सांग की आवाज नीट आला नाही. एमरिसनं ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापाशी येऊन स्वतःचंच काहीतरी करून बसला.

कंदील वर चढत होता. गिडियनचा डोळा माझ्या काचेला होता.

“तुझ्या बाचा निरोप आलाय. सांगू?”

“सांग.”

“‘पोरा, तुझी फार आठवण येते. गावात भेटेल त्याला सांगतो, माझा मुलगा ध्रुवावर आहे. मला तुझा अभिमान वाटतो.’”

एमरिसला एकच बाप ठाऊक होता, स्वतःचा. त्याचेच शब्द त्यानं उचलून दिले.

तो राखाडी डोळा एकदम थांबला.

“आणखी काही?” गिडियननं विचारलं.

“नाही. एवढंच.”

वाऱ्याचा शब्द नव्हता. मेंढ्या नव्हत्या. पापणी मिटली ती मिटलीच, आणि तिच्या कडेचं पाणी माझ्या पितळेवर जागच्या जागी गोठलं.

“वेळ,” एमरिस म्हणाला.

गिडियननं आकडे सांगितले. मिटल्या डोळ्यानं. कंदील कधीच माझ्या काचेतून निसटला होता, तरी प्रत्येक ‘वेळ’ला तो न अडखळता आकडे सांगत राहिला आणि एमरिस ते लिहीत राहिला. बा गेला हे गिडियनला कळलं होतं. एमरिस त्याच्या पाठीमागे उभा होता, त्याला काय दिसणार? मला दिसत होतं, पण मी वस्तू पडले. बापाच्या मरणाची बातमी एका माणसानं अशी उभ्या-उभ्या गिळली, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवायला मला हात नव्हता.

मला वाटलं, आज ना उद्या तो बोलेल. तो बोलला, पण निराळंच. पुढच्या महिन्यात एमरिसनं असाच एक गोड निरोप सांगितला, तेव्हा तो म्हणाला, “बाला उलट निरोप पाठवशील?”

“पाठवतो की.”

“सांग, होडी सोडून गेलो त्याचा राग धरू नको म्हणावं. मला तिथं राहवलं नसतं. तुझ्याकडं बघून जायला जड झालं होतं, पण तसं सांगता आलं नाही.”

एमरिसची पेन्सिल थांबली. “एवढंच?”

“एवढंच. वेळ झाली का बघ.”

त्या दिवशी एमरिस बोळात भिंतीला डोकं टेकून रडला. हार्टली जवळ उभा होता. “मी आता काय सांगू त्याला?” तो म्हणत होता. “मेलेल्या माणसाच्या वतीनं मी कोण माफ करणारा? आणि नाही केलं तर तो पोरगा वाट बघत बसेल.”

“हे तूच सुरू केलंस,” हार्टली म्हणाला, पण रागानं नाही.

महिन्यानं एमरिसनं सांगून टाकलं: राग कधीच नव्हता, होडी काय, लाकूडच ते. गिडियननं डोळा न काढता मान हलवली. त्या राखाडी डोळ्यात मला तेव्हा जे दिसलं ते सुख होतं, आणि सुख इतकं केविलवाणं असू शकतं हे मला माहीत नव्हतं. खोटं आहे हे कळत असून तो ते दोन्ही हातांनी घेत होता. मग महिन्यामागून महिना तेच चाललं. एक जण आपण फसवतोय असं समजून कुढत होता, दुसरा फसल्यासारखं करून जगत होता, आणि मधे मी तीन पायांवर उभी.

आता मी एका हवामान कचेरीच्या कपाटात आहे. फुगे आता स्वतःच आपला ठावठिकाणा कळवतात, त्यांच्यामागे कुणाला डोळे फोडावे लागत नाहीत. कधी शाळेची पोरं येतात, माझी वाकडी मान बघून हसतात. हसू देत. गिडियन आणि एमरिस कुठं गेले, आहेत की नाहीत, मला कुणी कळवलेलं नाही. पण जहाज आलं त्या दिवसाचं सांगितल्याशिवाय मला थांबवत नाही.

सूर्य परत येऊन बरेच दिवस झाले होते. भर उन्हात क्षितिजावर जहाजाचा धूर दिसला आणि सगळे टोप्या उडवत पळाले. हार्टली आता गिडियनला बाचं सांगायला निघाला होता. एमरिस म्हणाला, नको, मी सांगतो. तो माझ्याजवळ आला. गिडियन मला पुसत होता, पेटीत घालायला.

“गिड्या, तुला एक सांगायचंय.”

“माहीत आहे.”

“नाही, हे तुला माहीत नाही. तुझा बा...”

“पहिल्या निरोपापासून माहीत आहे, एमरिस.”

एमरिसनं हातमोजा काढला आणि उगाच परत चढवला. इतक्या बोलक्या माणसाची ती गत मला बघवेना.

“मग बोलला का नाहीस?” शेवटी तो म्हणाला. “मी रोज तोंड लपवत फिरलो. लेका, एकदा थोबाडात तरी मारायचीस.”

“बोललो असतो तर तू थांबला असतास.” गिडियन फडकं माझ्यावरून फिरवतच राहिला. “माझा बा तसं कधीच बोलला नसता. जगला असता तरी नाही. तरी मी महिनाभर वाट बघायचो.”

जहाजाचा भोंगा वाजला. खालून कुणीतरी दोघांना हाका मारल्या.

“या महिन्याचा राहिलाय,” गिडियन म्हणाला. “तेवढा सांग.”

“आता कशाला रे?”

“सांग. मग नाही मागणार.”

एमरिस बुटाच्या टोकानं बर्फ उकरू लागला. स्वतःच्या बाचे सगळे गोड शब्द त्याला सुचत असतील, पण त्यातला एकही त्यानं काढला नाही.

“‘जेवण झाकून ठेवलंय,’” तो म्हणाला. “‘उशीर झाला तरी ये.’”

“हे मात्र तो म्हणाला असता,” गिडियन म्हणाला, आणि माझे पाय धरून तो बर्फात खाली बसला. इतक्या महिन्यांचं रडणं त्यानं तिथं मोठ्यानं रडून घेतलं. एमरिसही त्याच्या शेजारी बसला. खालून हाका येतच राहिल्या आणि दोघांपैकी कुणीही ओ दिली नाही.

एवढंच सांगायचं होतं. जाताना कपाटाचं दार तेवढं ओढून घ्या.