बर्फबाबाची फुंकर

भर उन्हात मैदानावर तीसएक गाड्या रांगेला लागल्या होत्या आणि माणसं घामाने निथळत बर्फबाबाचा जयजयकार करत होती. एसी बंद पडलेली गाडी आणायची, इंजिन सुरू ठेवायचं, बॉनेटकडे पाठ करून डोळे मिटायचे. चेला उघड्या बॉनेटवर मखमली चादर टाकून 'सेवेला' आत शिरायचा, बाबा गाडीत बसून एसीच्या जाळीत फुंकर मारायचे. पाच मिनिटांत हुडहुडी!

थोरल्या बाई रांगेत आल्या होत्या त्या नवऱ्याच्या, म्हणजे तात्यांच्या, हट्टापायी. उद्या लेकीला आणि आठ दिवसांच्या नातीला दवाखान्यातून आणायचं होतं. चार तासांचा रखरखीत रस्ता.

"बाबांचा गारवा टिकतो," तात्या म्हणाले.

"मागच्या खेपेला तीन दिवस टिकला. फुंकर नासते होय दुधासारखी?"

"आपली श्रद्धा कमी पडते!"

"घामेजलेलं पोर मांडीवर घेऊन श्रद्धा मोजत बसू का?"

खरं तर सून गाड्यांचे एसीच दुरुस्त करायची. गावची माणसं तिला शोधत यायची. पण घरच्या सुनेला काय कळतं, हे तात्यांचं पक्कं मत. आज ती मुकाट बरोबर आली, तेव्हाच बाईंना शंका आली.

बाबांनी गाडीच्या टपावर हात ठेवला. "हिच्या पोटात क्रोध साचलाय. मागच्या जन्मी ही भट्टी होती!"

"आणि तुम्ही भाता," बाई पुटपुटल्या.

फुंकर सुरू झाली. एक, दोन, दहा. बाबांचे गाल वांग्यासारखे जांभळे झाले. जाळीतून गरम हवाच! तेवढ्यात चादरीखालून रडवेला आवाज आला, "बाबा, झाकण निघत नाही! कुणीतरी कुलूप लावलंय!"

सगळ्यांचे डोळे मिटलेले. उघडले ते बाईंनी. त्यांनी चादर खस्सकन ओढली. चेला पालीसारखा इंजिनाला चिकटलेला, एका हातात गॅसचा डबा, दुसऱ्यात नळी.

"गॅस भरायच्या तोंडाच्या झाकणाला कुलूप मी लावलं," सून म्हणाली. "बाबांच्या फुंकरीनंतर दर वेळी पाइपात गॅसचा दाब वाढलेला दिसायचा. तोंडच्या हवेने गॅस कसा वाढेल? हा गुपचूप भरत होता. गळती तशीच, म्हणून गारवा पळायचा."

"चेल्याने मलाही फसवलं!" बाबा ओरडले.

"मग दहादा फुंकलंत ते कुणाच्या भरवशावर?" बाईंनी विचारलं. बाबा घाईघाईने चपला शोधायला लागले.

तात्या खाली मान घालून म्हणाले, "सूनबाई, उद्याचं कसं?"

"मामंजी, घरी चला आणि दिवा धरा."

गळती कुठे आहे ते दिसावं म्हणून गॅसमध्ये तिने आठवड्यापूर्वीच रंग सोडला होता. निळ्या दिव्याखाली एका सांध्यावर हिरवट डाग लखलखला. आत अंगठीएवढं रबर, वाळून तडकलेलं. तिने ते बदललं, पंपाने पाइपातली हवा अन् ओल ओढून काढली. अर्धा तास दाबाचा काटा हलत नाही हे पाहिलं, मग गॅस वजन करून भरला. तात्या श्वास रोखून काट्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी नात गाडीत झोपली ती घरी येऊनच भुकेने किंचाळली.

बायांनो, बाप्यांनो, कुणी डोळे मिटायला सांगितलं की निदान एक तरी उघडा ठेवा. गारवा आला कुठून आणि गेला कुठे, एवढं विचारायला शाळा शिकावी लागत नाही. आणि विचारल्यामुळे कुणी बाबा कोपला, तर त्याला खुशाल आमच्या थोरल्या बाईंकडे पाठवा.