उसन्या डोळ्यांनी तलवारपारख

एसाकू वाकुई बावीस वर्षं जपानमधल्या त्सुरुओकाच्या लष्करी तलवार मंडळात जात होता आणि बावीस वर्षांत एकदाही त्याची पारख बरोबर आली नव्हती. घरात पाच तलवारी, प्रत्येकीचा परवाना जपून ठेवलेला, कपाटभर पुस्तकं; पण मंडळाच्या महिन्याच्या पारखीत बसला की घोडं पेंड खायचं.

पारखीची रीत सोपी होती. टेबलावर तीन लष्करी तलवारी मांडायच्या. मूठ काढायची नाही, कारण पातं घडवणाऱ्याचं नाव मुठीच्या आत कोरलेलं असतं. नुसतं पातं न्याहाळून ओळखायचं, ते दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत नवं घडवलेलं आहे की एखाद्या अधिकाऱ्यानं घरातलं जुनं पातं लष्करी मुठीत बसवून नेलं होतं, आणि घडण कुठली. चिठ्ठी लिहून परीक्षकाकडे द्यायची. परीक्षक म्हणजे इकेगामी आजोबा, साठ वर्षं तलवारींना झिलई करत आलेले. ते चिठ्ठी वाचून ‘लागलं’, ‘जवळ’ किंवा ‘नाही’ एवढंच म्हणायचे. एसाकूच्या वाट्याला ‘नाही’ इतक्या वेळा आलं होतं, की आजोबा हल्ली त्याची चिठ्ठी उघडायच्या आधीच तोंड वाकडं करायचे.

त्या रविवारी तर त्याच्या उजव्या डोळ्यावर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची पट्टी होती आणि डाव्यातला मोतीबिंदू अजून पिकत होता. बायको फुसाए म्हणाली, “अहो, या महिन्याला राहू द्या की.”

“राहू कसं द्यायचं? तू चल. तू बघ, मला सांग, मी ओळखतो.”

फुसाएचं न्हाव्याचं दुकान होतं. चाळीस वर्षं तिनं गावाच्या दाढ्या केल्या होत्या. तलवारींविषयी तिला एवढंच ठाऊक, की नवरा जेवताना त्यांच्याबद्दल बोलतो आणि सूप गार होतं.

दारातच कुरिहारा डॉक्टर भेटले. गावचे दातांचे डॉक्टर आणि मंडळातले दर महिन्याचे विजेते. “वाकुईसाहेब, आज एक डोळा झाकूनच आलात? दोन्ही उघडे असताना तरी काय दिवे लागत होते म्हणा!”

“आज डोळे भाड्यानं आणलेत,” एसाकू म्हणाला, आणि बायकोच्या खांद्याला धरून आत गेला.

तलवारीसमोर तोंड उघडायचं नसतं. थुंकीचा कण उडाला तरी पातं गंजतं. म्हणून फुसाएनं पहिलीला वाकून नमस्कार केला, ओठ मिटून पातं उजेडाला धरलं, खाली ठेवलं आणि मग कोपऱ्यात येऊन कुजबुजली, “मुठीवर सोनेरी चेरीची फुलं आहेत, इतकी सुंदर...”

“मूठ सोड! पातं सांग.”

“पातं? नव्या वस्तऱ्यासारखं. गुळगुळीत. रवा नाही, सुरकुती नाही. एकदाही कुणाच्या गालाला लागलेलं नाही.”

एसाकूनं कपाळाला हात लावला. इतकी वर्षं तो त्या सोनेरी फुलांनाच भुलत आला होता. “लिही. युद्धकाळातलं नवं, सेकी गावचं; तिथंच तेव्हा शेकड्यांनी बनायची.”

आजोबांनी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. “लागलं.”

“काय?” एसाकू म्हणाला.

“लागलं म्हटलं ना! पुढं जा.”

दुसरीपाशी फुसाए जरा जास्त रेंगाळली. परत येऊन म्हणाली, “धारेच्या कडेनं पांढऱ्या लवंगा खोचल्यात हो ओळीनं. डोकी वर. आणि वरती धुकं, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं.”

“लवंगा!” एसाकू असा ओरडला की सगळे वळले. तिचा हात दाबत तो पुटपुटला, “बिझेन. लवंगा म्हणजे त्या प्रांताची खूणच. जुनं बिझेन. लिही, लिही लवकर.”

“लागलं,” आजोबा म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाजच चिरकला. कुरिहारा डॉक्टरांचा चहाचा पेला तोंडाशीच थांबला. त्यांना दुसरीला ‘जवळ’ मिळालं होतं.

तिसरी तलवार दिसायला अगदी दरिद्री. म्यानावरचं कातडं फाटलेलं, मुठीची दोरी सुटलेली, पातं मळकट. सगळे तिला पटपट उरकत होते. फुसाएनं मात्र ती खिडकीपाशी नेली, वस्तऱ्याची धार बघतात तशी डोळ्याच्या रेषेत आडवी धरली आणि हळूहळू कलती केली. मग ती जागेवर ठेवून घाईनं कोपऱ्यात आली.

“अहो, यात लाटा आहेत.”

“कसल्या लाटा? गंज असेल.”

“गंज मला कळत नाही? लोखंडातच आहेत. ओल्या केसांतून रुंद दातांचा कंगवा फिरवावा तशा, एकसारख्या, टोकापर्यंत.”

“अगं, बाहेरून भंगार आहे ना ते? डॉक्टरांनी काय लिहिलं?”

“मला काय माहीत?”

“नवंच असणार. घाईत केलेलं. लिही, युद्धकाळातलं नवं.”

“लाटा आहेत म्हणते ना मी!”

“पारख मी करतोय की तू? लिही मुकाट्यानं!”

फुसाएनं पेन्सिल उचलली. इतक्या वर्षांच्या गार सुपांवरून एक नाव तिच्या कानांत बसलं होतं. याच मुलखातले लोहार, लाटांच्या पोलादाचे. तिनं ते लिहिलं, घडी घातली आणि नवऱ्याच्या हातात चिठ्ठी दिली.

आजोबांनी चिठ्ठी उघडली आणि उठून उभे राहिले. पाठीचा त्रास असलेला माणूस, कुणासाठी उठत नसे. “जुनं पातं. गस्सान घडण. लागलं! दिवसभरात ही एकट्या वाकुईंनी ओळखली. बाकी सगळे कपड्यांना फसले.”

हॉलमध्ये एकच गलका झाला. कुणी एसाकूची पाठ थोपटली, कुणी टाळ्या पिटल्या. त्याचं तोंड मात्र माशासारखं उघडं. “पण मी तर नवं...” त्यानं बायकोकडे तोंड वळवलं. मोतीबिंदूच्या धुक्यात तिचा चेहरा दिसेना. पण दाबलेलं हसू ऐकू आलं.

मग तो मोठ्यानं म्हणाला, “मंडळी, मी नवं सांगितलं होतं. हिनं माझं ऐकलं नाही!”

सगळीकडे असं हसू फुटलं की इकेगामी आजोबा टेबलाला धरून बसले. कुरिहारा डॉक्टरांनी डोळे पुसले आणि फुसाएसमोर कमरेत वाकले. “बाई, पुढच्या वेळी यांना घरी ठेवा. तुम्ही एकट्याच या.”

“छे हो,” फुसाए म्हणाली, “नावं कोण सांगणार मला?”

बक्षिसाची साकेची बाटली त्याच्या मांडीवर ठेवून दोघं गाडीत बसली. भातशेतांच्या रस्त्यावर एसाकूला पुन्हा हसू आलं, ते पाहून तिला आलं, आणि शेवटी तिला गाडी कडेला थांबवावी लागली. दोघंही शाळकरी पोरांसारखी पोट धरून हसत होती. शेतातल्या बगळ्यांनी माना वर केल्या.

“सांग ना,” धाप ओसरल्यावर तो म्हणाला, “कशा होत्या गं लाटा?”

तिनं त्याचा तळवा उलगडला आणि मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत नखानं हलकेच नागमोडी रेघ ओढली. तो गुदगुल्यांनी ओरडला, तरी हात काढून घेतला नाही.

“परत काढ,” तो म्हणाला.