झाकलेलं अंडं

ही गेल्यापासून तिच्या मोबाइलमधले ड्रॅगन मीच सांभाळतो. आज खेळात नवी जात आली आणि खेळाडूंनी गप्पांत एकच गोंधळ घातला. "हा ड्रॅगन की भिजलेला बोका?"

मी हिच्या खात्यावर त्याच जातीचं एक अंडं घेतलं. कुणाची नजर नको म्हणून झाकून ठेवलं. संध्याकाळी ते काळवंडलं. घाबरून मी त्या गप्पांत लिहिलं, "बायको वारली. तिचं अंडं मरतंय. काय करू?"

एकीने लगेच लिहिलं, "अहो काका, झाकलंत कशाला? दुसऱ्यांनी पाहिलं तरच ते फुटतं. उघडा आधी!"

उघडलं. थट्टा सोडून सगळे बघायला आले. चहा निवायच्या आत पिल्लू बाहेर आलं.

"नाव काय ठेवणार?"

"बोका. ही मला तेच म्हणायची," मी लिहिलं. "तुमचे सगळ्यांचे फार उपकार झाले."