नवरदेवाच्या दंडातली गाठ

मी एक जुनी गाठ आहे, मित्रांनो! चरबीची, मऊ, बोराएवढी. घाबरू नका, मी कुणाचं काही वाईट करत नाही. कैरुआन गावच्या लसादच्या डाव्या दंडात माझा मुक्काम. पाठीवर, मांड्यांवर माझी भावंडं. बघता बघता गोतावळा वाढला.

डॉक्टरांनी मला चिमटीत धरून सरकवून पाहिलं नि हसून म्हणाले, "काही धोका नाही. घराण्यातून येतात या. वडिलांना आहेत का?"

"छे! आमच्यात कुणालाच नाहीत."

मग काय, भर उन्हाळ्यात लांब बाह्या! हम्मामात, म्हणजे गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात, लसाद जायचा तोही सामसूम असताना. ऊन कसं असतं ते मला ठाऊकच नव्हतं.

आणि एकदाचा लग्नाच्या हम्मामाचा दिवस उजाडला! नवरदेवाला मित्र नि सोयरे वाजतगाजत न्हायला नेतात, त्यातून सुटका नाही. ढोल काय, धूप काय, आरोळ्या काय! मी हरखून गेले. लसादला मात्र दरदरून घाम फुटला, कारण नवरीचा मामा हम्मादी समोरच बसला होता.

अंग घासणाऱ्याने सदरा ओढून काढला आणि ढोल थांबला.

"या अल्लाह! हे काय?" हम्मादी ताडकन उठला. "हा रोग आमच्या पोरीला लागला तर? उद्याचा निकाह राहू द्या!"

लसादने झटकन सदरा उचलून दंडावर धरला.

त्याचे वडील, म्हातारे मुख्तार, दाराशी अंगभर झगा घालून उभे होते. ते कायम पहाटे एकटेच न्हायचे. लसादला वाटे, स्वभावच तसा. पण आज ते तरातरा आत आले आणि झगा भिरकावून दिला. अहाहा! दंडावर, पोटावर, पाठीवर सगळे माझेच भाऊबंद!

"बघ, हम्मादी! लसादची आई जन्मभर माझ्याजवळ राहिली, तिला एक तरी गाठ आली का?"

"बाबा, तुम्हालाही? सांगायचं तरी!"

"तू कुठे सांगितलंस, गाढवा?"

सगळे खो खो हसले. हम्मादीही हसला, पण खाली बसला नाही. "आणि नातवंडांना आल्या तर?"

"येतीलही," मुख्तार म्हणाले. "मी एकट्याने लपवल्या, यानेही एकट्याने लपवल्या. आता बस्स! नातवंडांना आपल्या गाठी दाखवायला त्यांचा आजोबा आहे."

हम्मादीने मान डोलावली. मग खाली बसत ओरडला, "अरे, थांबलात काय? वाजवा!"

मित्रांनो, अंगावर गाठ आली तर डॉक्टरांना जरूर दाखवा. पण घरच्यांपासून लपवू नका, आणि दुसऱ्याची दिसली तर तोंड फिरवू नका.

आता बापलेक दोघेही आखूड बाह्या घालून बाजारात जातात. आणि मी? मी मजेत ऊन खाते!