बारा मिनिटांनी हिरवा बोया

आमच्या ह्यांनी चौतीस वर्षं बस चालवली, पण त्या चौतीस वर्षांत त्यांनी कुणाला एकदा तरी रस्ता विचारला असेल तर शपथ. एकदा आम्ही एका लग्नाला गेलो आणि चुकीच्या हॉलमध्ये शिरलो. नवरा अनोळखी, नवरी अनोळखी. मी कोपराने ढोसलं तर म्हणतात, "थांब गं, येतील आपली माणसं." आपली माणसं कशाला येतायत! आम्ही तिथेच जेवलो, स्टेजवर जाऊन फोटो काढून घेतला, पाकीट दिलं आणि घरी आलो. अशा माणसाने निवृत्त झाल्यावर बोट विकत घेतली, तेव्हा मी आधी देवाला नारळ बोलले.

बोट घेतली ती मुलीसाठी. आमची मुलगी खाडीपलीकडच्या बेटावरच्या दवाखान्यात नर्स आहे. पूर्वी तिकडे दिवसातून चार वेळा लाँच जायची, आता आठवड्यातून दोनदाच जाते, तीही शनिवारी आणि रविवारी. नातू पाच महिन्यांचा झाला होता आणि मुलीची रजा नऊ आठवड्यांनी संपत होती. जावई आठवड्यातले चार दिवस बाळाला सांभाळणार होता. मंगळवार, बुधवार, गुरुवार मात्र कुणीच नव्हतं. तिकडे राहायला जावं तर त्यांची खोली दीड माणसाची, आणि इकडे माझं शिवणाचं दुकान.

"आई, तीन दिवसांचं जमलं नाही तर नोकरी सोडावी लागेल," ती फोनवर म्हणाली. रडली असती तर मी समजूत घातली असती. पण भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, आणि मला त्या दिवशी एक सरळ शिवण मारता आली नाही.

बोट होती, पण परवाना नव्हता. बंदर कार्यालयाने सांगितलं, आधी सुरक्षित नौकानयनाचा वर्ग पूर्ण करा, परीक्षा द्या, मग बघू. आणि खाडी ओलांडायची असेल तर बोटीवर परवाना असलेली दोन माणसं हवीत. वर्ग आठ आठवड्यांचा, त्यानंतरचा थेट सहा महिन्यांनी. म्हणजे गणित सोपं होतं. दोघंही पहिल्या फटक्यात पास झालो तर मुलीची नोकरी राहणार, नाहीतर जाणार.

"तू कशाला येतेस, मी घेऊन येतो कुणीतरी," हे म्हणाले.

"कुणाला? त्या चुकीच्या हॉलमधल्या नवरदेवाला?" मी म्हटलं, आणि दोन अर्ज भरले.

वर्ग सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरायचा. शिकवायला एक बाई होत्या. वीस वर्षं त्यांनी मोठमोठी जहाजं ओढून धक्क्याला लावणारी टगबोट चालवली होती. आम्ही त्यांना कॅप्टनबाई म्हणायचो. भर पाण्यात एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर बोलायची सवय, त्यामुळे त्या वर "बसा" म्हणाल्या की खाली वाचनालयातली उभी माणसंही बसत असावीत. वर्गात आम्ही सात जण. त्यातले एक दातांचे डॉक्टर. ते गाठी इतक्या सुरेख मारायचे की मला त्यांच्याकडून एक दाढ काढून घ्यावीशी वाटायची.

पहिले दोन आठवडे लाइफ जॅकेट, आग विझवणं, शिट्टीच्या खुणा, पाण्यात पडलेल्या माणसाला कसं ओढून घ्यायचं, हे सगळं झालं. बुडणाऱ्या माणसाचं काम माझ्याकडे आलं. ह्यांनी मला वाचनालयाच्या सतरंजीवरून असं काही ओढलं की ब्लाउजची बाही उसवली. सगळे हसले. मी जास्त हसले, कारण ब्लाउज शिवून देणारी मीच होते, आणि बिल ह्यांना लावणार होते.

तिसऱ्या आठवड्यात कॅप्टनबाईंनी टेबलावर नकाशा पसरला आणि आमच्या घरातली सत्ता पालटली.

खरं सांगते, तो कागद बघून मला आनंदाने गुदगुल्या झाल्या. चाळीस वर्षं मी हेच करत आले आहे. माणसाचं अंग गोल, कागद सपाट, आणि त्या गोलाचं माप सपाटावर उतरवायचं. इथे पाण्याची खोली आकड्यांत लिहिलेली, दगड फुलीने दाखवलेले, उथळ जागा निळ्या रंगात. टोकदार कर्कटकाने अंतर घ्यायचं आणि नकाशाच्या उभ्या कडेवर ठेवून मोजायचं, आडव्या कडेवर नाही. कुठल्या दिशेला जायचं त्याची रेघ मारायची, तिचे अंश काढायचे आणि होकायंत्रावर तेवढेच अंश धरून बोट हाकायची. तासाला पाच सागरी मैल वेग असेल तर बारा मिनिटांत एक मैल. मला हे सगळं पहिल्याच दिवशी जमलं.

ह्यांना जमेना. ते नकाशावर रस्ता शोधायचे.

"अहो, पाण्यात रस्ता कुठून येणार?"

"मग लोक जातात कुठून?"

"रेघ आपणच मारायची."

"आपण मारलेल्या रेघेवर समोरून कुणी आलं म्हणजे?"

पालथ्या घड्यावर पाणी. पण सुकाणू हातात दिलं की ह्यांच्यासारखा माणूस नाही. धक्क्याला बोट अशी लावायचे की मधे ठेवलेलं अंडंही फुटू नये. कॅप्टनबाईंनी आमची जोडी तशीच ठरवली, हे सुकाणूवर आणि मी नकाशावर. घरी जेवणाच्या टेबलावर मी जुने नकाशे पसरायची आणि हे मिठाच्या बरणीला वळसा घालत चमचा चालवायचे. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, पण आम्ही दोघं एकाच कागदावर वाकून बसलो आहोत असं आधी कधी झालं नव्हतं. मला ते फार आवडायला लागलं होतं. ह्यांनाही आवडत असावं, कारण टीव्ही बंद असायचा.

कॅप्टनबाईंचा एक नियम होता, तो त्या दर वर्गात म्हणवून घ्यायच्या. शंका आली की आधी थांबा, मग नांगर, मग डोकं. सगळा वर्ग शाळेतल्या पाढ्यासारखा तो म्हणायचा. हे फक्त ओठ हलवायचे.

परीक्षेचा दिवस शनिवारचा होता, सकाळी आठची वेळ. सात वाजता एक गिऱ्हाईक दारात उभं, मुलीच्या शाळेच्या समारंभाचा झगा, खालची दुमड आत्ताच्या आत्ता हवी. नाही म्हणायला मला कधी जमलं आहे का? दुमड घातली, झगा दिला आणि धावत धक्क्यावर पोचले.

परीक्षा अशी होती. धक्क्यावरून निघायचं, सत्तर अंशांवर बोट ठेवायची, एक मैलावर पाण्यावर तरंगणारा हिरवा बोया, म्हणजे खुणेचा पिंप, गाठायचा, तिथून वळून बेटाजवळच्या पांढऱ्या खांबाला वळसा घालून परत यायचं. डाव्या हाताला वाळूचा उथळ पट्टा, तिकडे जायचं नाही. त्या सकाळी खाडीवर धुरकट पडदा होता, दोनशे हातांपलीकडचं काही दिसत नव्हतं. कॅप्टनबाई मागच्या फळीवर शेंगदाण्यांची पुडी घेऊन बसल्या. परीक्षा संपेपर्यंत त्या एक शब्द बोलणार नव्हत्या, आणि त्यांच्यासारख्या बाईला ते किती जड जात असेल ते शेंगदाणे संपण्याच्या वेगावरून कळत होतं.

होकायंत्र आमच्या दोघांच्या मधे फळीवर बसवलेलं. त्याच्या बाजूला माझा नकाशा. वाऱ्याने कागद उडू नये म्हणून मी डावा हात त्यावर दाबून ठेवला होता आणि उजव्या हातात घड्याळ.

"सत्तर," मी म्हटलं.

"सत्तर," हे म्हणाले, आणि काटा सत्तरवरून केसभरही हलू दिला नाही.

दहा मिनिटं झाली. अकरा. बारा. हिरव्या बोयाचा पत्ता नाही. तेरा झाली. सगळीकडे नुसतं करडं पाणी. मी पुन्हा हिशेब केला, बरोबर होता. ह्यांच्याकडे बघितलं. मला माहीत होतं आता काय ऐकायला मिळणार. थांब गं, येईल पुढे.

ह्यांनी इंजिन बंद केलं.

"मी चुकलोय बहुतेक," हे म्हणाले. "कुठे ते कळत नाही. तू बघ."

अडतीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. लाजेने त्यांचे कान लाल झाले होते, कारण मागे कॅप्टनबाई ऐकत होत्या. पण ते माझ्याचकडे बघत होते, आणि खरंच उत्तर मिळावं म्हणून बघत होते. मला त्या क्षणी त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की नकाशा विसरायची वेळ आली.

"आधी खोली मोजते," मी म्हटलं, आणि शिशाचं वजन बांधलेली दोरी दोन्ही हातांनी उचलली.

"अगं! काटा फिरला!"

"बोट फिरली असेल."

"बोट जागच्या जागी आहे. बोटीला मी ओळखतो. सत्तरचा पन्नास झाला. तू काय केलंस?"

"काही नाही, हात उचलला."

"परत ठेव."

ठेवला. काटा सत्तरवर. उचलला, पन्नासवर. ह्यांनी माझं मनगट धरून वर केलं, आणि आम्ही दोघांनी एकदमच बघितलं. मनगटावर माझा टाचण्यांचा पट्टा होता. आम्ही शिवणारी माणसं टाचण्या सांडू नयेत म्हणून मनगटाला गादीचा पट्टा बांधतो, आणि माझ्या गादीत चांगलं बटाट्याच्या कापाएवढं लोहचुंबक आहे. झग्याची दुमड घालताना बांधला तो काढायचाच राहिला होता. तो होकायंत्राला खेटून ठेवून मी तेरा मिनिटं बसले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

"म्हणजे मी चुकलो नव्हतो," हे म्हणाले.

"नव्हता. मी चुकले."

मला वाटलं आता ह्यांची कॉलर ताठ होणार. पण त्यांना हसू फुटलं. मग मला फुटलं. परीक्षा बुडत होती, त्याबरोबर मुलीची नोकरी बुडत होती, आणि आम्ही दोघं खाडीच्या मधोमध पोट धरून हसत होतो. मागून शेंगदाणे चावायचा आवाजही थांबला होता.

मग मात्र ह्यांनीच नांगर टाकला. पट्टा डब्यात घालून मी बोटीच्या पार टोकाला ठेवून आले. खोली मोजली, चार मीटर. आम्ही असायला हवं होतं तिथे नऊ होती. मी डोळे पुसले आणि विचार केला. होकायंत्र सत्तर म्हणत होतं तेव्हा आपण खरे पन्नासवर होतो. तर मग पन्नासचीच रेघ मारू. धक्क्यापासून पन्नास अंशांवर रेघ मारली, तिच्यावर मैलभराहून थोडं जास्त अंतर कर्कटकाने टोचलं. टोकाखाली छापलेला आकडा होता चार. उथळ पट्टा नकाशावर तिथून नखभर पुढे.

"सापडलो," मी म्हटलं. "आपण इथे आहोत. आता दीडशे अंश, चारेक मिनिटं, हळू."

ह्यांनी एक प्रश्न विचारला नाही. नांगर काढला, बोट वळवली. चौथं मिनिट संपता संपता धुरक्यातून हिरवा बोया वर आला, तिरपा, शेवाळलेला, त्यावर एक पक्षी बसलेला. त्याच्याइतकी देखणी वस्तू मी आयुष्यात पाहिलेली नाही. पुढचं सगळं बोया ते खांब ते धक्का असं सुतासारखं सरळ झालं.

धक्क्यावर उतरल्यावर कॅप्टनबाईंनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. मी एकदा ह्यांचा हात धरला, एकदा सोडला.

"चूक मोठी आहे," त्या म्हणाल्या. "होकायंत्राजवळ लोखंड नको, हे मी तीनदा सांगितलं होतं."

"हो बाई."

"वीस वर्षांत इथे बरीच माणसं चुकताना बघितली. बोया दिसला नाही की बहुतेक जण इंजिनाचा जोर वाढवतात." त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही बंद केलंत." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही चुकीचीच रेघ मारून बरोबर जागा काढलीत. दोघंही पास. तो पट्टा बोटीवर पुन्हा दिसला तर पाण्यात टाकेन."

दहा दिवसांनी, मंगळवारी, आम्ही आमच्या बोटीतून निघालो. आकाश स्वच्छ होतं, पाणी इस्त्री केल्यासारखं. बोया बाराव्या मिनिटाला आला. बेटाच्या धक्क्यावर मुलगी नर्सच्या गणवेशात, कडेवर बाळ, पायांत पांढरे बूट. घाई इतकी की ह्यांनी दोर नीट बांधायच्या आत तिने बाळ माझ्या हातात दिलं, पिशवी ह्यांच्या खांद्याला अडकवली.

"बाबा, रस्ता सापडला ना नीट?"

"रस्ता नसतो गं पाण्यात," हे मोठ्या तोऱ्यात म्हणाले.

"बाटल्या पिशवीत आहेत, वेळा कागदावर लिहिल्यात, पाचला येते!" असं म्हणत ती चढावरून पळत सुटली. वळणावर थांबून तिने एकदा मागे बघितलं, हात हलवला आणि दिसेनाशी झाली. आई गेलेली बघून नातवाने ओठ काढला. मी त्याला खांद्यावर घेऊन थोपटत पिशवीतला कागद काढला. दुधाच्या वेळा, झोपेच्या वेळा, रडला तर काय करायचं, सगळं तिच्या बारीक अक्षरात. कागद मागच्या बाजूला छापलेला दिसत होता म्हणून उलटून बघितला.

महोदय, वैयक्तिक कारणामुळे मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. खाली सहीची जागा कोरी होती.

मी कागद ह्यांना दाखवला. त्यांनी वाचला, दोन-तीनदा डोळ्यांची उघडझाप केली आणि खाडीकडे तोंड करून उभे राहिले. मी माझे डोळे बाळाच्या झबल्याला पुसले. मग कागद पुन्हा सुलटा केला. पहिलं दूध नऊ वाजता, असं लिहिलं होतं, आणि नऊ वाजायला वीस मिनिटं होती.