दादाचे हात

माझ्या दादाला हात काढता येत नाहीत. बाकी सगळं येतं. पळता घोडा, जिन्यावरून घसरणारा लठ्ठ माणूस, खोटं बोलणाऱ्या बाईची मान, भर दुपारची रिकामी गल्ली, काय म्हणाल ते तो बसल्या बैठकीला काढून देईल. पण मनगटाच्या पुढे गेला की गाडी रुतते. वांग्याला भेंड्या टोचाव्यात तसा पंजा आणि अंगठा भलत्याच बाजूला. ही गोष्ट जगात मला एकटीला माहीत होती. खुद्द दादालाही माहीत नव्हती.

आम्ही दोघं मिळून काळ्या-पांढऱ्या चित्रकथा करतो. एकतीस वर्षं झाली. दादा गोष्ट रचतो, पेन्सिलीने पान मांडतो, मग टाकाने शाईची बारीक रेघ ओढतो. जिथे काळं हवं तिथे पेन्सिलीने छोटीशी फुली मारतो आणि पान माझ्या टेबलावर आणून ठेवतो. पुढचं ब्रशचं काम माझं. घरी कुणी आलं की वहिनी सांगते, "हे चित्रं काढतात, आणि वन्सं नुसतं काळं भरतात."

नुसतं! अहो, आमच्याकडे रंग दोनच. आकाश लाल करून संध्याकाळ आणायची सोय नाही. कोटाच्या पाठीवर काळं कुठे थांबवलं यावर तो कोट ओला आहे की नवा हे ठरतं. डोळ्याखाली एक टिंब जास्त पडलं की दुःखी माणूस झोपाळू दिसायला लागतो. पण ब्रशचं टोक कागदावर टेकवावं, एका दमात रेघ ओढावी आणि ती हवी तशीच यावी, त्या वेळी मला इतकं बरं वाटतं की समोरच्याने काहीही मागावं, मी देऊन टाकीन.

पहिल्या दोन पुस्तकांत दादाची सगळी माणसं हात खिशात घालून हिंडत होती. न्यायाधीश, चोर, पोस्टमन, सगळे. नवरीला खिसा नव्हता म्हणून तिचे हात फुलांच्या गुच्छामागे. संपादक म्हणाले, "तुमच्या गोष्टीत बारा महिने थंडीच असते का हो?" दादाला ते लागलं. तीन दिवस तो टेबलाकडे फिरकला नाही. चौथ्या दिवशी पान आलं, त्यात एक म्हातारा सुईत दोरा ओवत होता. दोन्ही हात उघडे, भरचौकटीत. त्याने जिवाचा धडा केला होता. आणि हात असे होते की सुई ओवणं सोडा, त्या म्हाताऱ्याला दारसुद्धा ढकलता आलं नसतं.

मी पांढऱ्या रंगाची बाटली उघडली. टाकाची शाई खोडता येत नाही. चुकलं तर वरून दाट पांढरा लावायचा, तो वाळला की त्यावर नवी रेघ ओढायची. छापताना तो थर दिसत नाही. मी स्वतः सुई-दोरा घेऊन आरशासमोर बसले आणि ते हात नव्याने काढले. पुस्तक छापून आलं. दादाने ते पान बराच वेळ न्याहाळलं.

"छोटे, काळं भरल्यावर हात खुलले गं!"

"खुलणारच," मी म्हटलं. खरं काय ते तेव्हाच सांगायला हवं होतं. पण इतका खूश दिसत होता तो! मग ते राहिलं ते राहिलंच.

दादाला जोर चढला. पुढच्या पुस्तकात कुंभार आला, त्याच्या पुढच्यात पत्त्यांचा जादूगार. नंतर तर एक मुका नायक, अख्खी गोष्ट हातांनी बोलणारा! त्या वर्षी मी पांढऱ्याच्या अकरा बाटल्या संपवल्या. वाचकांची पत्रं यायची, आणि निम्म्यांत हातांचंच कौतुक. चित्रकलेच्या शाळेने दादाला हातांवर बोलायला बोलावलं. "हात आधी मनात काढावा," तो गंभीर चेहऱ्याने सांगत होता आणि मी मागच्या रांगेत मान खाली घालून चष्मा पुसत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. छापखान्यातून परत आलेली पानं माझ्याच कपाटात असायची, आणि दादा छापलेल्या पुस्तकापलीकडे काही बघत नसे. काम झालं की पानाकडे पाठ फिरवायची, हा त्याचा नेम.

यंदा शहराच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई घरी आल्या. आमची मूळ पानं त्यांना मोठ्या दालनात टांगायची होती. मी नेमकी दाताच्या डॉक्टरांकडे गेलेली. परत येते तो दादा हो म्हणून मोकळा झालेला, वर चाळीस पानांची यादीही तयार. यादीच्या डोक्यावर लिहिलं होतं, "हातांची पानं". मी तशीच फोनकडे वळले.

"छापलेलीच लावा की. स्वच्छ दिसतात," मी बाईंना फोनवर म्हटलं.

"नाही हो ताई, लोकांना हातचं काम बघायचंय."

दादा ओरडेल याची मला भीती नव्हती. लहानपणापासून ऐकत आलेय. भीती एकच होती, की तो टाक खाली ठेवेल. नवं पुस्तक अर्धं झालं होतं. चौसष्टाव्या वर्षी एकदा खचलेलं माणूस पुन्हा उभं राहील याची काय खात्री?

पानं टांगायच्या दिवशी मी एकटीच जाणार होते. तीन-चार पानं उरली असतील, तेवढ्यात दादा भिंग घेऊन हजर. सुईवाल्या म्हाताऱ्यापाशी जाऊन वाकला. वाकला तो सरळ होईना.

"छोटे, हे पांढरं कसलं?"

शाई सांडली होती, असं जिभेवर आलं होतं. पण एका पानावर सांडेल, चाळीस पानांवर कशी सांडेल?

"त्याच्याखाली तुझे हात आहेत," मी म्हटलं.

"आणि वर?"

"माझे."

तो पुढच्या पानाकडे गेला, मग त्याच्या पुढच्या. भिंतीभिंतीने सगळं दालन त्याने पालथं घातलं. मी खुर्चीत बसून होते. घरचं ते कपाट आधीच जाळून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असले विचार डोक्यात येत होते. पाऊण तासाने तो परत आला.

"सगळेच?"

"एक सोडून. त्या भिकाऱ्याचा हात तुझाच आहे."

त्याचा चेहरा जरा उजळला. "तो जमलाय?"

"त्याला बँडेज आहे, दादा."

दादाने माझ्याकडे रोखून पाहिलं. "आणि मी तिकडे भाषणं ठोकत होतो! एकतीस वर्षांत एकदा सांगायला तुझं तोंड दुखत होतं?"

"सांगितलं असतं तर तू परत सगळ्यांचे हात खिशात घातले असतेस. मग कुंभार कुठला नि जादूगार कुठला?"

 त्याने स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला, उलटा केला, सुलटा केला, जणू पहिल्यांदाच बघतोय. ग्रंथपाल बाई हळूच पुढे झाल्या. "सर, अजून वेळ आहे. हवं तर ही पानं उतरवून दुसरी लावू. घोड्यांची वगैरे."

"अजिबात नाही." दादा शिडीवरच्या इलेक्ट्रिशियनकडे वळला. "अहो, हे दिवे समोरून नकोत. बाजूला घ्या, तिरपे करा. तो पांढरा थर वर आलेला दिसला पाहिजे. प्रत्येक पानावर."

दिवे तिरपे झाले. भिकाऱ्याचं पान सोडून बाकी सगळ्या पानांवर माझे पांढरे थर कागदातून उठून आले. ते तसे मीही कधी पाहिले नव्हते. मला रडू फुटलं आणि मी ते आवरलं नाही. दादा शेजारी उभा राहून इलेक्ट्रिशियनला उगाचच सूचना देत राहिला.

सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर नवं पान आलं. एक बाई बसून सारंगी वाजवत होती. चेहरा, खांदे, लुगड्याच्या चुण्या, सगळी शाईची सुरेख रेघ. दोन्ही हात उघडे, भरचौकटीत, बघवणार नाहीत असे. पण मनगटाच्या पुढे या वेळी त्याने टाक चालवला नव्हता. हात नुसत्या पेन्सिलीने काढले होते, अगदी हलक्या, एका खोडरबरात निघतील असे.