उणे धूळ

धूळताईने पुन्हा एकदा वजाबाकी केली आणि पडद्यावर अधिकचं चिन्ह आलं. तिने खुर्ची मागे सरकवली, चष्मा पुसला, परत पाहिलं. अधिकच.

सहा वर्षं ती एकाच ताऱ्याभोवतीची धूळ शोधत होती. ही धूळ डोळ्यांना दिसत नाही. तिची मंद ऊब तेवढी अवरक्त दुर्बिणीत उमटते. पण ऊब आकाशालाही असते, खुद्द दुर्बिणीलाही. म्हणून आधी तारा टिपायचा, मग शेजारचा आकाशाचा रिकामा तुकडा टिपायचा, आणि पहिल्यातून दुसरा वजा करायचा. उरेल ती धूळ. धूळताईची धूळ दर वेळी शून्याच्या खाली उरायची. उणे धूळ असलेला जगातला एकमेव तारा तिच्याच वाट्याला आला होता. सर म्हणायचे, "गणित तपास." आई फोनवर म्हणायची, "धूळच हवी तर घरी ये, माळा भरलाय." एक अख्खं वर्ष तिने उणे धुळीचा सिद्धांत मांडण्यात घालवलं. तो दोन परिषदांत लोकांनी गंभीरपणे ऐकून घेतला, हे तिला जास्त लागलं.

आज तिने कंटाळून नेहमीच्या तुकड्याऐवजी आकाशाचा भलताच तुकडा वजा केला होता. म्हणजे ताऱ्याभोवती धूळ होती. आणि ज्या जागेला ती इतकी वर्षं रिकामी म्हणत आली, तिथे त्याहून कितीतरी जास्त होती. संस्थेत कायम नोकरीची जागा एकच होती, मुलाखत सोमवारी. आता दाखवायला काहीतरी होतं.

सरांकडे जायला ती उठली, तेवढ्यात शेजारच्या खोलीतला, सगळे ज्याला दाढी म्हणत तो, आत आला. तोही त्याच जागेसाठी उभा होता. हातात कागदांची चळत.

"ताई, एवढा शोधनिबंध वाचून दे ना. पाच वाजता धाडतोय. सर तर चक्क खुर्चीतून उठले!"

पहिल्याच पानावर धुळीचा प्रचंड ढग होता. खाली त्याचा आकाशातला पत्ता. तो तिला पाठ होता.

"हा माझा रिकामा तुकडा आहे."

"तूच दिलास की! फायली मागितल्या तर म्हणालीस, ने खुशाल, त्यात काय सोनं पुरलंय? मी फक्त उलटं वजा केलं. शेवटी तुझे आभार मानलेत बघ."

तिने शेवटचं पान काढलं. 'रिकाम्या आकाशाच्या पुरवठ्याबद्दल ऋणी आहे.'

"मनापासून लिहिलंय हं," दाढी म्हणाला.

"उलटं म्हणजे? वजा काय केलंस?"

"तुझा तारा. तिथे शून्यापेक्षाही कमी धूळ आहे, हे तूच सिद्ध केलंस ना? त्याहून रिकामी जागा मला कुठे मिळणार?"

पडद्यावर ते अधिकचं चिन्ह अजून तसंच होतं. तारा रिकामा नव्हताच; त्या एका चिन्हापायी दाढीचे सगळे आकडे खोटे पडत होते. दाढीची पाठ पडद्याकडे होती. तो खिडकीच्या काचेत केस सारखे करत होता.

धूळताई खाली बसली. पेन उघडून तिने एकेक पान सावकाश वाचलं. सातव्या पानावर 'धूळ' ऱ्हस्व पडली होती, ती दीर्घ केली.

"बाकी?" त्याने विचारलं.

तिने हात मागे नेऊन पडदा बंद केला.

"बाकी काही नाही," ती म्हणाली. "पाठव."